ताम्बुआ हाती घेतल्यावर

सुवा,
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय वालेसीस,
तुझ्या आतेभावाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

मामा गेल्याची शंभरावी रात्र आटोपून आम्ही परत आलो, त्याला आठवडा झाला. दुखवट्याची काळी वस्त्रं उतरवून तू पहिल्यांदा रंगीत फुलांचा झगा घातलास तेव्हा लिती माझ्या कानाशी लागून म्हणाली, तुमची मामेबहीण दहा वर्षांनी लहान दिसते. मी म्हटलं, तिला हे कळवू नकोस, आधीच ती कुणाला जुमानत नाही. पण लितीनेच लिहायला लावलं. परतताना तिला बोट फार लागली. तू बांधून दिलेला नारळाच्या दुधातला मासा शेवटी मला एकट्यालाच संपवावा लागला. कर्तव्य म्हणून संपवला.

इथे टेबलावर हुकूम वाट पाहत होता. खात्याने ठरवलं आहे, सैन्यात दर सहा माणसांमागे एक कमी करायचा. आपला देश एवढासा, सैन्य त्याहून एवढंसं. त्यातले निम्मे शांतिसेनेत, काही लेबनॉनला, काही सिनाईच्या वाळवंटात. उरलेले आम्ही इथे एकमेकांना सलाम ठोकतो. त्यातला सहावा कोण, हे मी ठरवायचं, कारण कुणाला कुठे पाठवायचं आणि कुणाला घरी बसवायचं हे काम नेमकं माझ्या गळ्यात पडलं आहे. कालच बँडमास्तर येऊन बसले. म्हणाले, कर्नलसाहेब, तोफा कमी केल्यात तर देशाला पत्ता लागणार नाही, पण मोठा ढोल कमी केलात तर पुढच्या परेडला शेंबड्या पोराला कळेल. माणूस बरोबर बोलत होता. ढोल राहिला. आता तेवढ्यासाठी कुणाच्या तरी नावावर काट मारायची आहे. स्वयंपाक्यांकडे बघतो, तर ते माझ्या ताटात मोठा तुकडा वाढू लागले आहेत.

ते असो. शंभराव्या रात्री गावाने भरसभेत मला ताम्बुआ दिला आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला, हे तू पाहिलंसच. देवमाशाचा तो दात हातात घेतला की मागणी मंजूर झाली, मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. गावातर्फे मागणी मांडणाऱ्या म्हाताऱ्या जोनेंना सांग, तुमच्या टेकडीवरच्या चौकीतल्या कॉर्पोरल पेनाइयाचं काम मी करणार म्हणजे करणार. त्यांनी बिनघोर यांगोना प्यावा.

शाळेच्या छपराचं काय झालं ते कळव. आमच्यावर लोभ आहेच. निदान तुझ्याकडे तरी सहामागे एक कपात नसावी.

तुझा,
इलाईतिया

*

वाइलेवू, कंदावू बेट,
१९ फेब्रुवारी १९९६

प्रिय इलाईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारच्या बोटीने पोचलं. लितीला बोट लागल्याचं एवढं खुलवून लिहिलंस, आणि स्वतःचं? धक्क्यावर उभं राहून अख्ख्या गावाने पाहिलं, आपले लेफ्टनंट कर्नल कठड्यावर ओणवे होऊन माशांना जेवू घालत होते. त्यामुळे माझा मासा कर्तव्य म्हणून संपवलास की समुद्राला परत केलास, याची इथे अजून चर्चा चालू आहे. लितीला माझा गोड पापा दे आणि सांग, दहा नव्हे, आठ. मी खोटं खपवून घेत नाही.

तू शब्द दिल्यापासून गावाचा जीव भांड्यात पडला आहे. नाताळापासून टेकडीवरच्या चौकीबद्दल नाना वावड्या उठत होत्या. जोनेकाका तर रोज संध्याकाळी यांगोनाच्या लाकडी तानोआभोवती बसले की तुझं नाव घेऊन एक वाटी जास्त पितात. त्यांच्या म्हातारीने मला विचारलं, हा इलाईतिया आमच्या माणसाला मारायला निघालाय की काय.

शाळेचं छप्पर झालं. म्हणजे पेनाइयाने केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी वर्गात बेरजा शिकवत होते आणि डोक्यावर धाडधाड हातोडा. मी बाहेर जाऊन म्हटलं, शाळा सुटल्यावर करता येत नाही का, तर वरूनच म्हणाला, बाई, पाऊस शाळा सुटायची वाट बघत नाही. वर मुलांसमोर! या माणसाला रीत म्हणून नाही. सकाळी रेडिओवर हवामान सांगतो ते इतक्या मोठ्याने की माझा निम्मा वर्ग वाऱ्याची दिशा पाठ म्हणतो आणि पाढे विसरतो. शाळेच्या कुंपणावर शर्ट वाळत घालतो. चर्चमध्ये खर्जात गातो ते बरं गातो, नाही म्हणत नाही, पण ओळीच्या शेवटी असा रेंगाळतो की आम्हा सगळ्यांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. मी त्याला दोनदा बोलले. तिसऱ्यांदा बोलायचं सोडून दिलं, कारण आता सगळेच रेंगाळतात आणि ते कानाला बरं लागतं.

परवा आमच्या बायकांनी त्याचं मोठं पातेलं पळवलं. त्याच्या तावेउनीच्या गावाचं आणि आपल्या गावाचं थट्टेचं नातं, तेव्हा पळवलं तरी त्याने चकार शब्द काढायचा नाही. नाहीच काढला. मधल्या सुट्टीत शाळेत आला, माझा डबा उघडला, माझ्या वाटचा दालोचा कंद आणि अळूची भाजी मुलांदेखत खाल्ली आणि म्हणाला, थट्टेचं नातं काय एकट्या तुमच्याच बाजूने आहे का. मुलं हसून हसून बाकांवरून पडली. मी उपाशी राहिले. संध्याकाळी दाराशी दोन मोठे खेकडे बांधून ठेवलेले होते. कुणी ठेवले, मला काय माहीत.

तुझ्यासाठी चटई विणायला घेतली आहे. पोट किती वाढलं ते कळव म्हणजे रुंदी ठरवता येईल.

लोभ वाढता असू दे, पोट नको.

तुझी,
वालेसी

*

सुवा,
१२ मार्च १९९६

प्रिय वालेसीस,
विजयी आतेभावाचा नमस्कार, वि. वि.

हे पत्र एकटी वाचू नकोस. गावसभेत वाच, आणि जोनेकाकांना पुढे बसव.

काम झालं! तुमची ती टेकडीवरची चौकी महिनाअखेर बंद होते आहे. ती तशीही जाणारच होती. एक माणूस, एक रेडिओ, एक होडी, आणि टेहळायला समुद्रात देवमाशांखेरीज कुणी नाही. खात्याने विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? रेडिओ दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे ठेवायची सोय केली आहे, म्हणजे वादळाची सूचना तुम्हाला पूर्वीसारखी मिळत राहील. चौकी गेली म्हणजे पेनाइयाही सहावा ठरून घरी जायचा. पण मी ताम्बुआ घेतला होता ना! लेबनॉनला जाणाऱ्या जूनच्या तुकडीत एक जागा मोकळी झाली, एका पोराने रग्बीत गुडघा मोडून घेतला. त्या जागेवर कॉर्पोरल पेनाइया! पूर्ण वर्ष! नियमात बसवून, कुणाच्या पोटावर पाय न देता. या एका जागेसाठी माझ्याकडे पाद्री येऊन गेले, दोन सरदार येऊन गेले, आणि आमच्या दंतवैद्याने तर माझ्या तोंडात हात असताना आपल्या पुतण्याचं नाव काढलं. मी कुणालाच बधलो नाही.

वर्षभराने तो परत येईल तेव्हा आईसाठी सिमेंटचं घर बांधण्याएवढे डॉलर त्याच्या गाठीशी असतील. आता सांग, तुमचा भाचा दिलेल्या शब्दाला जागतो की नाही? पुढच्या खेपेला येईन तेव्हा एक डुक्कर तरी भाजायला हवं.

लिती म्हणते, वालेसीच्या पत्रात आणखी काहीतरी आहे, पुन्हा नीट वाचा. मी वाचलं. छपराचंच आहे.

लोभ कमावला आहे, आता मागत नाही.

तुझा,
इलाईतिया

*

वाइलेवू, कंदावू बेट,
२१ मार्च १९९६

राजमान्य राजेश्री लेफ्टनंट कर्नल इलाईतियासाहेब यांचे सेवेशी,
वाइलेवूच्या शाळेतील मास्तरीणबाईंचा कोपरापासून नमस्कार. विनंती काही नाही.

आपले पत्र गावसभेत वाचण्याची आपली आज्ञा होती, त्याप्रमाणे वाचले. जोनेकाकांना पुढे बसवले. चौकी बंद होण्याच्या ओळीवर त्यांनी वाटी खाली ठेवली. लेबनॉनच्या ओळीवर ते उठून बाहेर गेले. बाकीचे तिथेच बसून राहिले आणि एकमेकांकडे न पाहता चटईच्या कडा उसवू लागले. ती चटई मी विणलेली होती.

कॉर्पोरल पेनाइयाही सभेत होते. त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला, स्वतः एकदा वाचला, घडी घालून परत दिला आणि कर्नलसाहेबांचे आभार कळवा म्हणाले. तेव्हा आभार.

इलाई, त्या रात्री जोनेकाका किती वेळ बोलत होते! म्हातारा चार दिवस आधीपासून माझ्या ओट्यावर बसून ते भाषण पाठ करत होता. त्यांनी तुला काय सांगितलं? सांगितलं, की पेनाइया तुझ्या सैन्याचा असेल, पण तीन वर्षांत तो आमचा झाला आहे. त्याला समुद्रापलीकडे पाठवू नकोस, सुवाला बोलावू नकोस, त्याला आमच्यात राहू दे. एवढीच मागणी होती. तू समोर बसला होतास. मान हलवत होतास. ताम्बुआ घेतलास, टाळ्या वाजवल्यास, आणि दीड महिन्याने बरोबर उलटं करून वर डुक्कर मागतोस!

तू या गावच्या लेकीचा मुलगा. लहानपणापासून आमच्याकडे येऊन जे आवडेल ते उचलून नेलंस. माझ्या बाबांची नवी होडी नेलीस, माझा पाळलेला पोपट नेलास, आम्ही ब्र काढला नाही, कारण भाच्याचा तो हक्कच. इतक्या वर्षांत गावाने तुझ्याकडे एक गोष्ट मागितली.

डुकराची काळजी नसावी. पोरांनी सगळ्यात गलेलठ्ठ डुकराचं बारसं केलं आहे. नाव लिहीत नाही. हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा आहे.

लोभाचं नंतर बघू.

मेरेवालेसी

*

सुवा,
३१ मार्च १९९६

प्रिय वालेसीस,
नमस्कार. विनंती मात्र विशेष आहे, ती शेवटपर्यंत वाच.

मी ऐकत नव्हतो. झालं, लिहून टाकलं. जोनेकाका बोलत होते आणि माझ्या डोक्यात स्वयंपाकी फिरत होते. छावणीला किती ठेवायचे, सिनाईला किती पाठवायचे, दोन मेस एक केल्या तर किती वाचतील. पेनाइयाचं नाव कानावर आलं, समुद्रापलीकडे असंही काहीतरी आलं, आणि मी गृहीत धरलं. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस एकच मागतो, आमच्या पोराला बाहेर पाठवा. पाठवू नका असं मागणारा मला आजवर भेटलेला नाही. म्हणून हात पुढे केले आणि न ऐकता ताम्बुआ घेतला. माझ्या आईने हे ऐकलं असतं तर या वयातही माझा कान पिळला असता. ते काम लितीने केलं.

लितीने आणखी एक केलं. तुझं फेब्रुवारीतलं पत्र माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, यात शाळेबद्दल किती आहे आणि पेनाइयाबद्दल किती आहे ते आता डोळे उघडे ठेवून वाचा. मी वाचलं. खेकड्यांपर्यंत पोचलो आणि मला घाम फुटला. वालेसी, मी सैन्याचा हिशेब चोख ठेवतो ग. कुठल्या चौकीवर कुणाच्या जोडीचे बूट फाटले ते मला ठाऊक असतं. पण माझ्या स्वतःच्या मामेबहिणीचा जीव कुणावर जडला आहे, हे मला माझ्या बायकोने सांगावं लागलं. तू मला थट्टेत लिहिशील म्हणून सरळ विचारतो. खरं आहे का?

आता अडचण ऐक. चौकी पुन्हा उघडता येत नाही. तिचे पैसे दुसरीकडे वळले, मंत्र्यांची सही झाली. तिच्यासाठी भांडलो तर आणखी एका घरचा कमावता माणूस काढावा लागेल, आणि माझ्या बहिणीसाठी मी तसं केलं तर दंतवैद्याला कोणत्या तोंडाने नाही म्हटलं होतं? ते माझ्याने होणार नाही. तुकडीची यादीही वर गेली आहे. रात्ररात्र हीच जुळवाजुळव करतो आहे. जागा आहे तिथे माणूस नाही, माणूस आहे तिथे जागा नाही.

माफी मागायला मी स्वतः येतो. मोठा ताम्बुआ घेऊन येतो. गाव दारात उभं करेल का, एवढं कळव.

लोभ उरला असेल तर थोडा उसना दे.

तुझा वेंधळा,
इलाई

*

वाइलेवू, कंदावू बेट,
७ मे १९९६

प्रिय इलाईस,
स. न. वि. वि.

महिनाभर उत्तर दिलं नाही. राग होता, तो पहिल्या आठवड्यातच संपला. पुढचे दिवस काय लिहावं ते सुचत नव्हतं. तू आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी सरळ विचारलंस, तेव्हा मलाही सरळ उत्तर द्यायला हवं.

खरं आहे.

कधीपासून ते माहीत नाही. बाबा आजारी होते तेव्हा तो रोज संध्याकाळी टेकडीवरून उतरायचा, त्यांना उचलून ओट्यावर आणायचा आणि दोघं समुद्राकडे बघत न बोलता बसायचे. मी आत दिवा लावायचे आणि मला वाटायचं, आता घर भरलं. बाबा गेले तरी तो येत राहिला, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचा, वर कधी आला नाही. मी चाळिशीला आलेली बाई आहे रे. मुलांना शिकवण्यात आणि बाबांचं करण्यात वर्षं गेली, त्याचं मला दुःख नव्हतं. आता मात्र टेकडीवर दिवा दिसत नाही आणि मला नीरफणसाचं झाड बघूनसुद्धा रडू येतं.

तो गेला. गेल्या आठवड्याच्या बोटीने. छावणीतल्या सरावासाठी लवकर बोलावणं आलं होतं. निघायच्या आदल्या रात्री बायकांनी त्याचे बूट पळवले. थट्टेच्या नात्याने. सकाळी सगळं गाव धक्क्यावर, आणि कॉर्पोरलसाहेब पूर्ण गणवेशात, कडक इस्त्री, अनवाणी. बूट द्या म्हणाला नाही. त्याने सगळ्यांशी हात मिळवले. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं, आणि जोनेकाका त्याला आईबहिणीवरून सगळ्या जुन्या शिव्या घालत होते, जेवढं थट्टेच्या नात्यात बसतं तेवढं सगळं. माझ्यासमोर आला तेव्हा म्हणाला, बाई, ओळीच्या शेवटी आता कुणी रेंगाळणार नाही. मी म्हटलं, बरं झालं.

आता माझं ऐक. तू मध्ये पडायचं नाहीस. त्याची आई तावेउनीला बांबूच्या घरात राहते, प्रत्येक वादळात छप्पर उडतं. हे एक वर्ष त्याने काढलं तर तिला पक्कं घर मिळेल. असं असताना मी त्याला थांब म्हणू? मी म्हणणार नाही. तूही माझ्या वतीने म्हणायचं नाही. कुणी माझी कीव करून राहिलेला मला नको आहे.

गावाचं म्हणशील तर ये खुशाल. जोनेकाका म्हणतात, माफीचा ताम्बुआ आणेल तेव्हा आम्ही भाषण आणखी लांब करू आणि शेवटी त्याला प्रश्न विचारू. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा म्हणतात आणि मला तुला कळवायला सांगतात. म्हणतात, पोरगा चौकी चौकी काय करतो? चौकी घेऊन आम्ही काय करणार, तिच्यावर तर शेळ्या चढतात. आम्ही माणूस मागितला होता.

चटई झाली. लितीच्या मापाची केली, तुझा भरवसा नाही.

लोभ होता तिथेच आहे.

तुझी,
वालेसी

*

सुवा,
२३ मे १९९६

प्रिय वालेसीस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तू बजावलं होतंस, मध्ये पडायचं नाही. मी पडलो. पण कसा पडलो ते आधी ऐकून घे, मग हवं तर डुकराला बढती दे.

जोनेकाकांचं ते वाक्य मी लितीला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन महिने मी चौकी कशी वाचवू, जागा कुठून आणू यात डोकं फोडत होतो. चौकी, जागा, हुद्दा. माणूस कुठेच नव्हता त्यात. लिती म्हणाली, तुम्ही पेनाइयाला विचारलंत का? मी म्हटलं, काय विचारायचं, यादी तयार आहे. ती नुसती बघत राहिली. त्या बघण्यापुढे माझा हुद्दा चालत नाही.

मग गेल्या आठवड्यात एका सकाळी तुकडी मैदानात होती, तिथे गेलो. पेनाइयाला बाजूला घेतलं. नवे बूट होते पायात, त्याला लागत असावेत. तुझं नाव मी काढलं नाही, तुझ्या पत्राचंही नाही, मामांची शपथ. एवढंच सांगितलं, की वाइलेवूने तुला मागून घेतलं होतं, मी ते न ऐकता हो म्हटलं आणि उलटंच केलं. ही माझी चूक. चौकी आता नाही, पगार नाही, सैन्य सोडावं लागेल, आपखुशीने सोडणाऱ्याला जी थोडी रक्कम मिळते तेवढीच मिळेल. नाहीतर लेबनॉन आहे, वर्षभर आहे, आईचं घर आहे. काय करतोस?

तो ताठ उभा होता. त्याने विचारलं, साहेब, हा हुकूम आहे की प्रश्न आहे. मी म्हटलं, प्रश्न आहे. तर म्हणाला, हुकूम असता तर गेलो असतो, विचारताय तर राहतो.

एवढंच बोलला. वालेसी, चोवीस वर्षं मी माणसं इकडून तिकडे पाठवतो आहे. कुणी आनंदाने गेलं, कुणी रडत गेलं, पण जायचंय का असं मी एकालाही विचारलं नव्हतं. मी मोठ्याने खाकरलो, तर अख्खी रांग सावधान झाली.

मग आम्ही झाडाखाली बसलो आणि तो बोलू लागला. तुझं नाव त्याने काढलं, मी नाही. मला सगळं सांगितलं नाही, आणि मी ते तुला सांगणारही नाही. तो त्याचा माल आहे. आईबद्दल मात्र सांगतो, कारण तुझ्या मनाला तेच टोचतं आहे. इथे यायच्या आधी तो दोन दिवस तावेउनीला जाऊन आला. म्हातारीला घराचं सांगितलं, तर तिने त्यालाच झापलं. म्हणाली, सिमेंटच्या घरात मी एकटी काय माझाच खोकला ऐकत बसू? घर मागितलंय कुणी, सून आण. बांबू काय, तुम्ही दोघं मिळून बांधाल पुन्हा. तेव्हा जिची कीव करून तो राहतो आहे असं तुला वाटेल, ती तू नव्हेस. कीव करण्यासारखा इथे मी एकटाच होतो.

वर गेलेली यादी मी परत मागवली. त्याच्या जागेवर तुकडीत आता आमचा एक स्वयंपाकी जातो आहे, कपातीत ज्याचं नाव होतं तोच. त्याला कळवलं तेव्हा त्याने मला भर मैदानात उचललं. माझं वजन बघता मोठंच काम. तुकडीचे सुभेदार म्हणाले, साहेब, याला नेलंत तर लेबनॉनमध्ये कुणी उपाशी मरणार नाही. खातंही खूश आहे, एक माणूस आपणहून कमी झाला. मंत्र्यांच्या कचेरीतून शाबासकीचा फोन आला. मी ती निमूट घेतली. सगळंच कुणाला समजावत बसायचं नसतं.

त्यानंतर मी रांगेतल्या बाकीच्यांनाही विचारलं. दिवस गेला त्यात. बहुतेकांना जायचंच होतं, आणि मला वेड लागलं की काय अशा नजरेने ते बघत होते. पण एक पोरगा निघाला, ज्याची बायको बाळंतपणाला टेकली आहे आणि जो कुणाला काही बोलला नव्हता. तो पुढच्या तुकडीत जाईल.

पेनाइयाच्या सुटकेच्या कागदावर नोकरी सोडण्याचं कारण लिहावं लागतं. वय, आजार, स्वखुशी, असं काहीतरी असतं. मी लिहिलं, गावाने मागून घेतला. कारकून म्हणाला, साहेब, असं कारण आपल्याकडे नाही. मी म्हटलं, आजपासून आहे.

माफीचा ताम्बुआ घेऊन आम्ही दोघं पुढच्या महिन्यात येतो. जोनेकाकांचं भाषण कितीही लांब असो, शब्द न् शब्द ऐकेन. लिती शेजारी बसून चिमटे काढणार आहे. तेव्हाच लग्नाचंही उरकून घ्या, म्हणजे बोटीचं भाडं एकदाच पडेल. कपातीचे दिवस आहेत.

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. पेनाइयाच्या हाती देतो आहे. त्याला बजावलं आहे, धक्क्यावरून थेट शाळेत जायचं, तोंडाने एक अक्षर बोलायचं नाही, आधी पत्र द्यायचं आणि ती वाचून होईपर्यंत थांबायचं. हा माझा त्याला शेवटचा हुकूम, आणि तो हुकूम पाळणारा माणूस आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस आणि तो बिचारा एवढा वेळ समोर उभा आहे.

आता मान वर कर.

तुझा,
इलाई